खेळाला आजाराचं नाव कसं मिळालं



बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होतात, वहीत नोंदी होतात, सह्या-अंगठे होतात आणि मग बाया मनातलं बोलायला लागतात. पूर्वी या बोलण्यात नवऱ्याची दारू असायची, पाण्याची टाकी असायची, रेशनचं दुकान असायचं. ते सगळं आजही आहेच. पण हल्ली त्यात एका तक्रारीची भर पडली आहे. पोरगं रात्र-रात्र मोबाईलवर गेम खेळतं, हाक मारली की वसकन अंगावर येतं, वाढलेलं ताट गार होतं, शाळेतून निरोप येतो. हे सांगताना बाई मान खाली घालते, कारण घरातल्यांनी आधीच निकाल दिलेला असतो : तुझ्याच लाडाने बिघडला.

म्हणून आज मी तुम्हाला या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. उपायाचंही बोलू, पण शेवटी. ही कहाणी एकट्या आपल्या घरातली किंवा आपल्या गावातली नाही. ती जगभर घडली आहे. मोठमोठ्या सरकारांनी यावर डोकं धरलं आहे, कायदे केले आहेत, काही कायदे मागेही घेतले आहेत. त्यांनी काय केलं आणि त्यातून काय निघालं, हे कळलं तर आपल्याला आपल्या पोराशी वागणं थोडं सोपं जाईल.

खेळाच्या नादाची गोष्ट फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक सूक्त आहे, ते फाशांच्या नादी लागलेल्या माणसाचं आहे. हजारो वर्षांपूर्वीचं. त्यातला माणूस सांगतो की सासू माझा द्वेष करते, बायकोने मला दूर लोटलंय. कुठेतरी भटकणाऱ्या या पोरासाठी त्याची आई झुरते आहे. उद्यापासून खेळणार नाही असं तो ठरवतो आणि फासे वाजले की पुन्हा तिकडेच जातो. शेवटी त्याला सल्ला मिळतो तो शेती करण्याचा. बघा, बायको, सासू आणि आई, घरातल्या तिन्ही बायका त्या सूक्तात आहेत. महाभारतातला द्यूत तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. खेळ एकाने खेळायचा आणि भोगायचं घरातल्या बाईने, हे तेव्हापासून चालत आलं आहे.

आता विजेवरच्या खेळांकडे येऊ. १९७२ साली अमेरिकेत अटारी नावाच्या कंपनीने 'पाँग' नावाचा खेळ काढला. पडद्यावर दोन रेघा आणि मध्ये टप्पे खाणारा एक ठिपका, बस्स. कॅलिफोर्नियातल्या एका दारूच्या गुत्त्यात त्याचं यंत्र ठेवलं. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडलं म्हणून निरोप आला. कारागिराने जाऊन उघडलं तर बिघाड काहीच नव्हता. नाण्यांचा डबा तुडुंब भरल्यामुळे नवं नाणं आत जात नव्हतं. सहा वर्षांनी, १९७८ मध्ये, जपानमधून 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ आला. आकाशातून उतरणाऱ्या परग्रहावरच्या शत्रूंना गोळ्या घालायच्या. तो जगभर पसरला आणि पाठोपाठ आईबापांच्या तक्रारीही पसरल्या.

१९८१ मध्ये या तक्रारी थेट ब्रिटनच्या संसदेत पोचल्या. जॉर्ज फोक्स नावाच्या खासदारांनी असे खेळ आटोक्यात ठेवण्यासाठी विधेयक मांडायची परवानगी मागितली. मुलं शाळा बुडवतात, जेवणाचे पैसे यंत्रात घालतात, वेळप्रसंगी चोरी करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या एका खासदारांनी विरोध केला. मीसुद्धा आवडीने खेळतो, यात काही गैर नाही, असं ते म्हणाले. मतं घेतली तेव्हा बाजूने ९४ आणि विरोधात ११४ पडली. विधेयक तिथेच संपलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्याचे प्रमुख डॉक्टर कूप यांनी, मुलं या खेळांच्या पायी शरीराने आणि मनाने गुंतून पडतात, असं भाषणात सांगून टाकलं. मग शास्त्रीय पुराव्याची विचारणा झाली, तेव्हा ते आपलं वैयक्तिक मत होतं असा खुलासा त्यांना करावा लागला. चाळीस वर्षांपूर्वीचा हा वाद आहे. एक बाजू म्हणते मुलं वाया चालली, दुसरी म्हणते एवढं काय मनावर घेता. आपल्या ओसरीवर आजी आणि काका यांच्यात आज हाच वाद होतो.

आपल्याकडे हे खेळ पुढे आले. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान असायचं, रुपया-दोन रुपये देऊन पोरं खेळायची. काही घरांत टीव्हीला जोडायचा गेम आला, त्यात मारिओ आणि काँट्रा असायचं. मग नोकियाच्या साध्या फोनवर साप आला. हे खेळ माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांचा एक गुण ध्यानात घ्या. ते कुठेतरी थांबायचे. खिशातले पैसे संपले, दुकानाचं शटर पडलं, लाईट गेली, राजकन्या सुटली, साप स्वतःच्या शेपटीला चावला, की खेळ संपला. दुकानदारालासुद्धा एकाच पोराने तासभर यंत्र अडवून बसलेलं नको असायचं. त्याला पुढचं गिऱ्हाईक हवं असायचं.

मोबाईलवरच्या खेळात हे नेमकं उलटं झालं. खेळ फुकट मिळतो. पोरगं जितका वेळ आत राहील तितक्या जाहिराती दिसतात, तितका काहीतरी विकत घेण्याचा मोह होतो आणि तितका कंपनीचा फायदा. त्यामुळे खेळ संपूच नये अशीच त्याची रचना असते. ही रचना कशी चालते, त्याला कबुतराचं उदाहरण चांगलं आहे. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यात कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दाणा. पण दाणा दर वेळी दिला नाही, कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या चोचीला असा अंदाज लागू न देता दिला, की कबुतर थांबायचंच नाही, चोच मारतच राहायचं. लॉटरी, मटका, जुगाराची यंत्रं याच धाग्यावर चालतात. मोबाईलच्या गेममध्ये मध्येच उघडणारी बक्षिसाची पेटी असते, तीही त्यातलीच. पोराची इच्छाशक्ती कमी पडते हे खरं, पण समोर कोण बसलंय तेही बघा. त्याला बसवून ठेवण्यासाठी तिकडे पगारी माणसं राबतात.

आता या नादाला आजार कधी म्हणायला लागले? सुरुवात चक्क थट्टेने झाली. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर इव्हान गोल्डबर्ग या मनोविकारतज्ज्ञांनी गंमत म्हणून 'इंटरनेटचं व्यसन' नावाचा एक खोटा आजार रचला आणि त्याची लक्षणंही लिहिली. बोटं आपोआप टाईप केल्यासारखी हलतात, असलंही एक लक्षण त्यात होतं. वाचून लोक हसतील असं त्यांना वाटलं. पण काही लोकांनी उलट त्यांना कळवलं की डॉक्टर, आम्हाला हे खरंच झालंय. पुढच्याच वर्षी किम्बर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी असा त्रास असलेल्या लोकांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला आणि आयुष्यभर या विषयावर काम केलं. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढलं. तरी आज जगात जे उपचार चालतात, त्यांचा पाया घालणाऱ्यांत त्या होत्या.

हा प्रश्न सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात ज्या देशाला भिडला तो दक्षिण कोरिया. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते. १९९७ मध्ये तिथे मोठी आर्थिक मंदी आली. कारखाने बंद पडले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्याच सुमाराला सरकारने देशभर वेगवान इंटरनेटचं जाळं टाकायला घेतलं. नोकरी गेलेल्या कित्येकांनी उरल्यासुरल्या पैशातून संगणकांची दुकानं काढली, त्यांना तिकडे 'पीसी बांग' म्हणतात. १९९८ मध्ये 'स्टारक्राफ्ट' नावाचा युद्धाचा खेळ आला आणि ही दुकानं रात्रंदिवस भरायला लागली. घरी बसून काय करायचं हे न कळणारे तरुण तिथे जाऊन बसायचे. २००२ मध्ये ग्वांगजू शहरात एक तरुण अशाच दुकानात ८६ तास जवळजवळ सलग खेळला आणि तिथेच मरण पावला.

त्यानंतरचं एक प्रकरण ऐकताना कुठल्याही आईच्या पोटात कालवेल. २००९ मध्ये सुवॉन शहरातल्या एका जोडप्याची तीन महिन्यांची मुलगी उपासमारीने गेली. नवरा-बायको दोघं दुकानात जाऊन एक खेळ खेळत बसायचे. त्या खेळात त्यांनी एका चित्रातल्या मुलीला वाढवायला घेतलं होतं. तिची काळजी घ्यायची, तिला कपडे घालायचे. आणि घरातली खरी मुलगी दिवसातून एकदा दूध पिऊन पडून होती. साऱ्या देशाने त्यांना राक्षस म्हटलं. पण पोलिसांनी तपासात जे सांगितलं तेही ऐका. दोघांना काम नव्हतं, मूल दिवस भरायच्या आत जन्मलं होतं आणि त्या दोघांची जगण्याची उमेदच गेलेली होती. खेळाने त्यांचं घर गिळलं हे खरं, पण ते तिथे गेले तेव्हा आतून आधीच कोसळलेले होते. गुन्हा माफ होत नाही, कोर्टाने शिक्षा दिलीच. तरी हा दुसरा भाग नजरेआड करून चालत नाही.

२०११ मध्ये कोरियाने कायदा केला. १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाईन खेळ बंद. हा कायदा तिथल्या महिला आणि कुटुंब मंत्रालयाच्या हाती होता, कारण आयांचा आग्रह मोठा होता. मग काय झालं? मुलं आईबापांच्या ओळख क्रमांकावरून खेळायला लागली. कायदा प्रामुख्याने संगणकावरच्या खेळांसाठी होता, तोवर खेळ मोबाईलवर गेले. अभ्यासकांनी मोजून पाहिलं तर मुलांची झोप नावापुरतीच वाढली होती. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, सरकारने हा कायदा रद्द करायचं ठरवलं आणि २०२२ पासून तो गेला.

चीनने याहून कडक मार्ग धरला. तिथे मुलांना सुधारण्यासाठी लष्करी शिस्तीच्या छावण्या निघाल्या. लिन्यी शहरातल्या एका रुग्णालयात तर या मुलांना विजेचे झटके देत. आईबाप स्वतःच्या हाताने पोरांना तिथे सोडून यायचे, बरं होईल या आशेने. २००९ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाला हे झटके थांबवायचा आदेश द्यावा लागला. पुढे २०२१ मध्ये चीनने नियम केला की १८ वर्षांखालच्यांनी फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढंच ऑनलाईन खेळायचं.

यावरून मला जे दिसतं ते सांगते. दार लावून घेतलं की पोरगं खिडकीतून जातं. आणि मारझोड केली की ते मनाने आणखी लांब जातं. मग करायचं काय? त्यासाठी आधी हे कळायला हवं की खेळ आणि मनाचा आजार यांचं नातं काय आहे. खेळामुळे मन बिघडतं, की मन बिघडलेलं पोरगं खेळात जाऊन लपतं?

सिंगापूरमध्ये यावर एक चांगला अभ्यास झाला, तो २०११ मध्ये छापून आला. शाळेतल्या ३०३४ मुलांना दोन वर्षं बघितलं. शंभरातल्या साधारण नऊ मुलांचं खेळणं हाताबाहेर गेलेलं दिसलं. म्हणजे खेळणारी बहुतेक मुलं ठीकच होती, हे आधी लक्षात ठेवा. जी अडकली त्यांच्यात दोन गोष्टी आधीपासून जास्त दिसल्या : उतावळा स्वभाव आणि चारचौघांत मिसळता न येणं. आणि अडकल्यानंतर त्यांच्यात उदासी, भीती, लोकांसमोर जाण्याची धास्ती वाढली, मार्क घसरले. जी मुलं त्यातून बाहेर आली त्यांची उदासी कमी झाली. याचा अर्थ रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. एकटं पोरगं खेळाकडे जातं आणि खेळ त्याला आणखी एकटं करतो. विहिरीच्या रहाटासारखं आहे हे, एक घागर खाली गेली की दुसरी वर येते.

डॉक्टरांनाही एकमत करायला वेळ लागला. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये आपल्या ग्रंथात या त्रासाची नोंद घेतली, पण अजून अभ्यास हवा अशा सदरात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये आजारांच्या नव्या यादीत त्याला जागा दिली, २०१९ मध्ये देशांनी ती यादी मान्य केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. काही अभ्यासकांचा याला विरोध होता. त्यांचं म्हणणं असं की यामुळे साध्या खेळणाऱ्या मुलांवरही आजाराचा शिक्का बसेल आणि खरं दुखणं, म्हणजे उदासी किंवा भीती, तसंच राहून जाईल. हा धोका खराच आहे. म्हणून संघटनेने काय लिहिलं आहे ते नीट समजून घ्या. तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, किती आणि कधी खेळायचं यावर ताबा राहत नाही. दुसरी, जेवण, झोप, शाळा, मित्र या सगळ्याच्या आधी खेळ येतो. तिसरी, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं आणि त्याने पोराचं शिक्षण, घर, नाती यांची खरोखर मोडतोड झालेली असावी. दिवाळीच्या सुट्टीत दिवसभर खेळला म्हणून कोणी आजारी ठरत नाही.

आपल्या देशात हे सगळं फार झपाट्याने आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं. २०१८ मध्ये पब्जी मोबाईलवर आला. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या 'परीक्षा पे चर्चा' कार्यक्रमात एका आईने उभं राहून आपल्या मुलाच्या ऑनलाईन गेमची तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनी विचारलं की पब्जीवाला आहे का, आणि सगळं सभागृह हसलं. सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच हसलं. त्याच वर्षी मार्चमध्ये गुजरातच्या राजकोटमध्ये पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना पकडलं. मग कोरोना आला, शाळा मोबाईलवर भरली. ज्या घरांनी पोरांच्या हातात कधी फोन दिला नव्हता त्यांनी कर्ज काढून दिला. आपल्या गटांतूनही त्यासाठी कर्जं गेली. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, हे कुणी विसरू नये. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात पब्जी होता. पण कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, मुलांच्या व्यसनाचं नव्हतं. तोच खेळ नाव बदलून वर्षभरात परत आला.

पैसे लावून खेळायच्या गेमची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या वहीपर्यंत येते. शेळीसाठी, बियाण्यासाठी उचललेले पैसे ऑनलाईन पत्त्यांमध्ये गेले की हप्ता थकतो आणि बाई बैठकीला यायची बंद होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे कुणाच्या घरात असं झालं असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका, गटात लवकर सांगा. कर्ज वाढायच्या आत सांगितलं तर हप्त्याची पुनर्बांधणी तरी करता येते.

आता घरी काय करायचं ते. पहिलं, फोन हिसकावून आपटू नका. रागाच्या भरात पोरगं स्वतःला इजा करून घेऊ शकतं. दुसरं, पोराशी बोलून वेळ ठरवा आणि ती घरातल्या मोठ्यांनीही पाळा. रात्री सगळ्यांचे फोन एका ठिकाणी, आपलासुद्धा. बाप अंथरुणात रील बघतोय आणि पोराला झोप म्हणतोय, हे चालत नाही. तिसरं, तो खेळ कुठला, कुणाबरोबर खेळतो हे एकदा शेजारी बसून विचारा. शाळेत कुणी त्रास देतं का, मित्र आहेत का, नापासाची भीती आहे का, हे तिथूनच कळतं. चौथं, मुलगा गप्प झाला, अंघोळ-जेवण सोडलं, मरणाची भाषा करायला लागला, तर अंगारा-धुपारा करण्यात दिवस घालवू नका. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात, आशाताईला विचारा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या सरकारी संस्थेत तर २०१४ पासून मोबाईल आणि गेमच्या नादासाठी वेगळा दवाखानाच आहे. म्हणजे हे घेऊन डॉक्टरकडे जाणारे आपण पहिले नाही.

आणि शेवटचं, ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. संध्याकाळी पोरांना खेळायला गावात जागा आहे का, शाळेचं मैदान पाचनंतर उघडं राहतं का, वाचनालयाला कुलूप का आहे, हे ग्रामसभेत विचारा. पोराला बाहेर ये म्हणायचं तर बाहेर काहीतरी असायला हवं. १४४१६ हा आकडा आज घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्या फोनमध्ये शेजारणीने भरून द्या.